साठ मैल, चार माणसं आणि एक चेन

उत्तर इंग्लंडातल्या इंगलटन गावच्या हॉलमध्ये, शर्यतीआधीच्या सामान तपासणीच्या रांगेत उभी होते. पुढचे आजोबा मागे वळून म्हणाले, "वरती पांढरं झालंय." बस, एवढंच. यॉर्कशरची माणसं एरवी हवेवर तासभर बोलतात, पण हवा खरंच वाईट असली की दोन शब्दांत आटपतात. एप्रिलचे शेवटचे दिवस होते. आदल्या रात्री साताऱ्याहून आई फोनवर म्हणत होती, पंखा लावूनही डोळ्याला डोळा लागत नाही. आणि मी इथे दोन टोप्या घेऊ की तीन, यावर डोकं खाजवत होते.

स्पर्धेचं नाव फेल्समन. फेल म्हणजे उत्तर इंग्लंडातला उघडाबोडका डोंगर. शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आलेला. फेल रेस म्हणजे अशा डोंगरांवरून पळणं, पण आपल्याकडच्या मॅरेथॉनसारखं नाही. फिती नाहीत, बाण नाहीत, दर दोन किलोमीटरवर केळी घेऊन उभे असलेले लोक नाहीत. नकाशा आणि होकायंत्र हातात, वाट तुमची तुम्ही शोधायची. १९६२ पासून स्काउटची मंडळी ही स्पर्धा चालवतात. इंगलटनहून निघायचं, डेल्समधले, म्हणजे यॉर्कशरच्या डोंगर-खोऱ्यांतले, बहुतेक सगळे मोठे डोंगर पायाखाली घालायचे आणि थ्रेशफील्डला पोचायचं. साठ मैलांहून थोडं जास्त, आणि चढ सगळा मिळून ११,००० फुटांच्या आसपास. गळ्यात टॅली नावाचा एक बिल्ला अडकवतात. प्रत्येक चेकपॉइंटवर तो पंच करून घ्यायचा. एसटीच्या कंडक्टरकडे चिमटा असायचा ना, तसला. टॅली हरवली की शर्यत हरवली.

आणि एक नियम, जो वाचून मी तेव्हा तोंड वाकडं केलं होतं: अंधार पडायच्या सुमाराला तुम्हाला किमान चौघांच्या गटात बांधतात. तिथून उजाडेपर्यंत चौघांनी एकत्रच राहायचं. मला एकटीनं पळायला आवडतं. लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर माणसांच्या गराड्यात असते, पळताना तरी नको असं वाटतं.

मी मूळची साताऱ्याची. अजिंक्यतारा घराच्या मागेच. पहिल्यांदा इंगलबरो बघितला तेव्हा हसले होते, खोटं कशाला सांगू. ७२३ मीटर! आपलं कळसूबाई १६४६. हे हसू पहिल्याच हिवाळ्यात जिरलं. उंची हा मुद्दाच नाही. या डोंगरांवर आडोशाला झाड नाही, दगडाची कपार नाही, अटलांटिकवरून येणारा वारा मध्ये कुठे अडत नाही, आणि पायाखाली कातळ नसून स्पंज आहे. सह्याद्रीत पावसात भिजलं तर आपण भिजतो, इतकंच. इथे चार अंश तापमानात भिजलं आणि वारा लागला की तासाभरात माणूस आतून विझायला लागतो. अगदी कडाक्याच्या कोरड्या थंडीपेक्षा ही शून्याच्या आसपासची ओली थंडी वाईट, हे माझं ठाम मत आहे. बर्फ झटकता येतो, पाणी मुरतं.

इंगलबरोच्या माथ्यावर गारांनी गाठलं. माथा म्हणजे एक सपाट पठार आहे, धुक्यात चारी बाजू सारख्याच दिसतात, आणि खाली उतरताना चुकीच्या कडेनं निघालं की वेगळ्याच खोऱ्यात पोचाल. गारा आडव्या येत होत्या. मी एका हातानं गाल झाकून दुसऱ्या हातानं होकायंत्र धरलं, आणि टॅली पंच करणाऱ्या पोराकडे बघून मला स्वतःची लाजच वाटली. मी दोन मिनिटांत निघून जाणार, तो तिथे दिवसभर बसणार.

व्हर्नसाइड, मग किंग्सडेलच्या खोऱ्यात उतरून ग्रॅगरेथचा उभा चढ, मग ग्रेट कूम. हे सगळं मला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. ग्रेट कूमवर ओला बर्फ पडत होता आणि भिंतीच्या आडोशाला उभं राहून मी लाडू खायचा प्रयत्न करत होते. शेंगदाणा-गुळाचे लाडू, घरी वळलेले. शिवाय चिक्की. चिक्कीचा दगड झाला होता. दात लावला तर कुठलं आधी तुटेल सांगता येईना. पुढचा सगळा दिवस मी चिक्कीचे तुकडे अंगातल्या कपड्यांच्या आत, छातीशी ठेवून मऊ करून खाल्ले. हे कुठल्याही ट्रेनिंगच्या पुस्तकात मिळणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

फ्लिंटर गिलच्या ओढ्याकाठानं डेंट गावात उतरले तर खाली वसंत ऋतू! पिवळी डॅफोडिल्स आणि शेतात नुकती जन्मलेली कोकरं, त्यांच्या अंगात प्लास्टिकचे छोटे रेनकोट. थंड पावसात कोकरं दगावू नयेत म्हणून शेतकरी घालतात. त्या कोकरांइतकी काळजी मी स्वतःची घेतली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. डेंटला मी ओला बेसलेअर, म्हणजे अंगालगतचा सदरा, बदलायला हवा होता. कोरडा जोड पिशवीत होता. पण हॉलमध्ये ऊब होती, सूप होतं, आणि "आता ऊबच वाटतेय की" म्हणून मी तशीच निघाले. ऊब हॉलची होती, माझी नव्हती.

ब्ली मोर, स्टोन हाउस, ग्रेट नाउटबेरी. दुपारनंतर पाऊस थांबला आणि ईशान्येकडून कोरडा, सुरीसारखा वारा सुटला. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. खरं तर हाच वारा ओल्या कपड्यांतून अंगातली उष्णता ओढून घेत होता. डॉड फेलच्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना लागलेत की नाही, हे बघितल्याशिवाय कळत नाहीये. दिवसभर पिपेट धरणारी बोटं आहेत ही. मी हात काखेत घालून पळायला लागले. कोंबडीसारखी दिसत असणार.

फ्लीट मॉसला पोचले तेव्हा साडेआठ वाजत आले होते. तिथे आमची चौकडी बांधली. एक निवृत्त पोस्टमन, साठी ओलांडलेले, ही स्पर्धा त्यांनी किती वेळा केली ते त्यांनाच नीट आठवत नव्हतं. एक उंच बाई, गुरांची डॉक्टर. एक पंचविशीचा मुलगा, कमालीचा वेगवान, सकाळी माझ्या पुढे कुठल्या कुठे गेलेला आणि आता माझ्यासोबत उभा. आणि मी. मार्शलनं, म्हणजे तिथल्या स्पर्धेच्या माणसानं, आमचे नंबर एकत्र लिहिले आणि म्हणाला, "आता तुम्ही एकमेकांचे."

फ्लीट मॉसची दलदल या भागात कुप्रसिद्ध आहे. हजारो वर्षं पाण्यात साचलेलं, पुरतं न कुजलेलं शेवाळ म्हणजे पीट. ओलं, काळं, लोण्यासारखं. त्यात पाण्यानं माणसाच्या उंचीच्या घळी कापल्यात. एका घळीत घसरायचं, समोरून हातापायांनी वर चढायचं, चार पावलं की पुढची घळ. सरळ रेषा नावाची गोष्टच नाही. प्रत्येक घळीतून वर आल्यावर होकायंत्र बघायचं. पोस्टमनकाका पुढे. अंधारात चार हेडटॉर्च. मुलगा सुरुवातीला सारखा कुरकुर करत होता: बूट, वारा, आयोजक, स्वतःची अक्कल. मग तो गप्प झाला. मला वाटलं, बरं झालं.

पोस्टमनकाकांना तसं वाटलं नाही. ते थांबले, मागे आले, आणि त्या मुलाला म्हणाले, "तुझ्या बॅगेची चेन उघडून मला एक चॉकलेट दे बघू."

मुलानं बॅग पुढे घेतली. चेन धरली. सुटली. पुन्हा धरली. मग तो नुसता त्या चेनीकडे बघत राहिला, एखाद्या परक्या लिपीतल्या पाटीकडे बघावं तसा. "मी ठीक आहे," असं तो म्हणाला, पण शब्द एकमेकांत चिकटले होते. आणि मगाशी थडथडत होता, ते थांबलं होतं.

मी लॅबमध्ये काम करते. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, हे मला झोपेतही माहीत आहे. कुडकुडणं म्हणजे शरीर अजून भांडतंय, आणि गरम न होताच कुडकुडणं थांबलं तर ते वाईट, हेही माहीत आहे. पण ते पुस्तकातलं. दोन हात अंतरावर उभा असलेला, स्वतःची चेन न उघडता येणारा माणूस बघणं वेगळं.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला आवडत नाही. माझ्या बॅगेत तळाशी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पिसांचं जॅकेट होतं. सक्तीच्या सामानाव्यतिरिक्त घेतलेलं. त्या मुलाला त्याचीच गरज होती, हे मला लगेच कळलं. आणि मी एक अख्खं मिनिट गप्प उभी राहिले. डोक्यात हिशेब चालू होता: बकडन पाइक अजून बाकी, ग्रेट व्हर्नसाइड (सकाळचा व्हर्नसाइड वेगळा) बाकी, रात्र सगळी बाकी, माझा बेसलेअर ओला. त्याला देऊ तर मला काय? थंडीनं बोटं बधिर होतात हे सगळे सांगतात. मनाचंही तसंच होतं, ते कोणी सांगत नाही. साताऱ्यात कोणी पाणी मागितलं तर आधी तांब्या भरून मग चौकशी करणाऱ्या घरातली मी.

गुरांच्या डॉक्टरनं तोवर स्वतःचे जाड हातमोजे काढून त्याच्या हातांवर चढवले होते. ते बघून मी बॅग उघडली. म्हणजे उघडायला गेले. माझीही चेन मला उघडेना. शेवटी दातांनी ओढली.

आम्ही त्याला जॅकेट घातलं, वरून त्याचंच रेनजॅकेट, आणि सर्व्हायव्हल बॅगला, म्हणजे संकटात आत शिरून बसायच्या मोठ्या पिशवीला, पायाकडून भोकं पाडून ती सदऱ्यासारखी चढवली. एका घळीच्या आडोशाला तिघं त्याला चिकटून बसलो. अनोळखी माणसांना इतकं घट्ट चिकटून मी मुंबईच्या लोकलनंतर पहिल्यांदाच बसले असेन. माझे दोन लाडू त्यानं खाल्ले. लाडू म्हणजे काय, कशाचा, असलं काही न विचारता. पाच-सात मिनिटांनी तो पुन्हा थडथडायला लागला, आणि थोड्या वेळानं त्यानं पहिली शिवी दिली. पोस्टमनकाका म्हणाले, "चला, परत आला."

क्रे नावाच्या वस्तीतल्या चेकपॉइंटला पोचायला मध्यरात्र झाली. मुलाला तंबूत घेतलं, त्याची शर्यत तिथे संपली. त्यानं माझं जॅकेट काढून दिलं, आतून दमट, आणि त्याला काही बोलायचं होतं, पण ओठ नीट हलत नव्हते. मीही ते मिनिटभराचं गप्प उभं राहणं आठवून नजर चुकवली. मग आम्हाला चौथा माणूस मिळेपर्यंत थांबायला लागलं, कारण तिघांना सोडत नाहीत. ती पस्तीस मिनिटं. मी तंबूच्या कोपऱ्यात, सगळ्या लाजेवर पाणी सोडून, अखेर तो ओला बेसलेअर बदलला. डॉक्टरबाई समोर चादर धरून उभ्या. गरम राइस पुडिंग मिळालं. आपली तांदळाची खीरच, पण वेलची नाही, जायफळ नाही, आणि वरून जॅम! एरवी मी हसले असते. दोन वाट्या खाल्ल्या.

याच स्पर्धेत २०१२ साली हवेमुळे शर्यत मध्येच थांबवावी लागली होती, हे मला तंबूतल्या एका स्वयंसेवकानं तेव्हाच सांगायची काय गरज होती, कोण जाणे.

चौथा आला. एक अबोल गृहस्थ, त्यांनी रात्रभरात एकूण वीसेक शब्द उच्चारले असतील. बकडन पाइकच्या चढाला बर्फ सुरू झाला. हेडटॉर्चच्या झोतात बर्फ पडताना बघू नका, चक्कर येते, पायाकडे बघा. ७०२ मीटरचा माथा ओलांडून आम्ही भिंतीच्या कडेकडेनं दक्षिणेला निघालो आणि काही वेळानं पोस्टमनकाकांनी टॉर्च एका दगडी क्रॉसवर धरला.

३० जानेवारी १९४२ ला पोलिश विमानदलाचे सहा जण वेलिंग्टन बाँबर घेऊन सरावाला निघाले होते. हिमवादळात विमान इथे आदळलं. पाच जण गेले. मागच्या तोफेवर असलेला योसेफ फुस्न्याक पाय मोडलेल्या अवस्थेत मदत शोधायला निघाला. समोर काही दिसत नव्हतं. तेवढ्यात बर्फात कोल्ह्याच्या पावलांचे ठसे दिसले. असल्या थंडीत कोल्हा खाण्याच्या शोधात वस्तीकडेच जाणार, असा त्यानं अंदाज बांधला आणि खुरडत त्या ठशांच्या मागे गेला. ठसे त्याला क्रेला घेऊन आले. १९७३ मध्ये त्यानं साथीदारांसाठी हे स्मारक उभारलं. क्रॉसच्या तळाशी एका कोल्ह्याचं धातूचं छोटंसं डोकं बसवलंय.

पोस्टमनकाकांनी हातमोज्यानं त्या डोक्यावरचा बर्फ पुसला. दरवेळी पुसतात म्हणे. क्रेहून इथवर येताना आम्ही गोअरटेक्स, टॉर्च, होकायंत्र, राइस पुडिंग एवढ्या फौजफाट्यासह धापा टाकत होतो. तो माणूस मोडक्या पायानं उलट्या दिशेनं गेला होता. मी पिसांचं जॅकेट अंगात घातलेलंच होतं, अजून दमट. त्याला त्या मुलाच्या घामाचा वास येत होता.

टॉप मिअरपासून पार्क रॅशपर्यंत काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण मी त्यातलं निम्मं झोपेत चालले. चालता चालता झोप लागते, हे खरं आहे. दगडी कुंपणाच्या भिंती मला थांबलेल्या मालगाडीसारख्या दिसत होत्या आणि कुणीतरी "पुढे सरका, पुढे सरका" असं मराठीत ओरडत होतं. ते मीच पुटपुटत होते, असं डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं. त्या मला दर थोड्या वेळानं चेन उघडायला लावत. जॅकेटची, पुन्हा लाव, पुन्हा उघड. मी चिडले की म्हणत, "छान, चिडतेस ना, मग ठीक आहेस."

ग्रेट व्हर्नसाइडच्या माथ्यावर उजाडलं. सूर्योदय वगैरे काही नाही. काळं होतं त्याचं राखाडी झालं, इतकंच. पण खाली कुठेतरी कर्ल्यू पक्षी शीळ घालायला लागला आणि मार्शलनं माझी टॅली पंच केली तेव्हा मला चिमट्याचा आवाज ऐकू आला. वारा पडला होता. उजाडल्यावर गट सोडून पुढे जायची मुभा असते. डॉक्टरबाई माझ्यापेक्षा जोरात पळू शकल्या असत्या. अबोल गृहस्थ तर नक्कीच. कुणी विषयच काढला नाही. यार्नबरीच्या जुन्या शिशाच्या खाणींवरून, ग्रासिंग्टनच्या झोपलेल्या गल्ल्यांतून, चौघं एका रांगेत लंगडत थ्रेशफील्डला पोचलो. सकाळचे आठ वाजून गेले होते.

आत गेल्यावर कुणी टॅली घेतली, कुणी हातात चहा दिला. मी एका बाकावर बसले आणि बूट काढायला वाकले. लेसची गाठ चिखलानं आणि पाण्यानं आवळून खडा झाली होती. बोटांना गाठ लागतच नव्हती. मी पाच मिनिटं खटपट केली असेल. मग एक स्वयंसेवक बाई आल्या. सत्तरीच्या, पांढरे केस, स्काउटचा स्कार्फ गळ्यात. काही न बोलता त्या सरळ माझ्या पायाशी जमिनीवर बसल्या.

मी झटकन पाय मागे घेतला. आजीच्या वयाची बाई आणि माझ्या पायाला हात लावणार? ते हाडात आहे, थकव्यानं जात नाही. मी "नको नको" म्हणाले, तेही मराठीत. त्यांनी माझा घोटा पकडला, पुढे ओढला आणि पोरीला दटावावं तशा आवाजात म्हणाल्या, "हलू नकोस गं."

खिशातून त्यांनी काटा काढला, जेवायचा साधा स्टीलचा काटा, आणि त्याचं टोक गाठीत घालून हळूहळू सैल करायला लागल्या. पहिला बूट निघाला तेव्हा त्यातून फ्लीट मॉसचं काळं पाणी सांडलं, त्यांच्या स्वच्छ पॅंटवर. त्यांनी ते बघितलंही नाही. दुसऱ्या गाठीला लागल्या.